रविवारचं तेल

आईची काळजी घ्यायला मी पुण्याची नोकरी सोडून सोलापूरला परत आले, तेव्हा आईला त्यासाठी सवड नव्हती. सकाळी डबा घेऊन ती शेअर रिक्षात बसायची आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या मागे सिस्टरांकडे जायची. या सिस्टर म्हणजे एक कॅथलिक नन; कुणीच नसलेल्या म्हाताऱ्या बायकांना त्या सांभाळतात. कुणाचा जन्म विड्या वळण्यात गेलेला, कुणाचा यंत्रमागावर. सिस्टर त्यांना आंघोळ घालतात, भरवतात, रात्री त्यांच्याच खोलीत खाट टाकून झोपतात. आईने स्वतःकडे तेल-वेणीचं काम घेतलं होतं.

हे तेल माझं होतं. आई शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे आठवडाभर ती साऱ्या वर्गाची असे. रविवारी सकाळी मात्र वाटीत कोमट तेल घेऊन ती मला पुढ्यात बसवायची आणि तासभर कुणाचीच बाई नसायची. आता तो रविवारही सिस्टरांकडे गेला होता.

सिस्टर केरळच्या. त्यांचं मराठी त्या म्हाताऱ्यांकडून आलेलं. माझे न-ण आजही सुधारणारी आई, "आई, तुमी दमला की, बसा हितं," असं सिस्टर म्हणाल्या की विरघळायची.

"त्यांच्या तोंडी गोड वाटतं गं," ती म्हणायची. माझ्या तोंडी काय गोड वाटतं, हे तिने कधी सांगितलं नाही.

मला सिस्टरांमध्ये एखादी खोट हवी होती. थोर माणसांची खोट बहुधा व्यासपीठावर सापडते, म्हणून एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला तेव्हा मी लवकर जाऊन पुढची खुर्ची धरली. वक्त्यांनी त्यांना समई म्हटलं, नदी म्हटलं, चंदन म्हटलं. शाल एकच होती, पण फोटोसाठी ती सहा-सात जणांनी मिळून पांघरली. सिस्टरांनी दोन वाक्यांत आभार मानले आणि मागच्या भल्यामोठ्या फ्लेक्सकडे बोट दाखवून अध्यक्षांना विचारलं, "हे नंतर तुमाला लागतं का?"

पुढच्या आठवड्यात तो फ्लेक्स त्यांच्या कपडे वाळवायच्या जागेवर छत म्हणून बांधलेला दिसला. स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याखाली त्या चादरी वाळत घालत होत्या. एकदाही वर बघितलं नाही. माझा तो सत्कार फुकट गेला.

मे महिन्यात मी आईला स्पष्टच म्हटलं, "या रविवारी घरी थांब. मला तेल लावून दे."

"घोडे, वय काय तुझं?"

"केस आहेत अजून."

ती हसली. "बरं. सकाळी एकदा जाऊन येते, अकरापर्यंत घरी."

मी तेल कोमट केलं. ते निवलं. परत कोमट केलं. बारा वाजून गेले, तेव्हा भर उन्हात रिक्षा करून मी तिकडे गेले.

व्हरांड्यात आई खुर्चीवर बसली होती आणि तिच्या पुढ्यात, अगदी माझ्या जागी, सिस्टर. डोक्यावरचं कापड घडी करून मांडीवर ठेवलेलं. केस बारीक कापलेले, पांढरे. डोळे मिटलेले. आईची बोटं त्या केसांतून फिरत होती.

"उन्हात भोवळ आली की सिस्टरला," खाटेवरची एक म्हातारी म्हणाली. "आईनं धरून बसवलं. ऐकतच न्हवत्या."

आईही इथे सगळ्यांची आई होती तर.

माझी चाहूल लागताच सिस्टर दचकून कापड सावरू लागल्या. "तुमची जागा हाय ही. उठते मी."

"हलू नका," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "घर सोडल्यापासून त्यांना कुणी तेल लावलं नाही गं."

"मला तरी कुठे लावतेस?"

व्हरांडाभर खसखस पिकली. "लेक लई रुसली की वो!" "बसवा तिला बी, दुसरा नंबर तिचा!"

इतक्या जणींसमोर उभं तरी किती राहणार? सिस्टर उठल्या, मी बसले. आईने वाटीत बोटं बुडवली, पण ती धड मिटेनात. सकाळपासून सगळ्यांची डोकी तिनेच केली होती.

"माझे हात आता चालत नाहीत," ती म्हणाली. "सिस्टर, हिला तुम्ही लावा."

एवढ्यासाठी मी रिक्षा केली नव्हती. पण सिस्टर खुर्चीवर बसल्याही होत्या. आधी टाळू, मग कानांमागे, मग मानेच्या खळगीत. क्रम आईचाच. बघून बघून शिकल्या असाव्यात.

"जरा जोरात," आई शेजारून म्हणाली. "तिला हळू लावलेलं चालत नाही. लहानपणापासून."

सिस्टरांनी जोर वाढवला. त्यांचा हात चांगला होता. हे मला मुळीच आवडलं नाही, पण मी उठले नाही.