लाथ मारणारी गाठ

मूल झालं, रडलं, वार पडली. तरी हिराच्या पोटाची उजवी बाजू वर ती वरच. घट्ट आणि भलीमोठी.

"फायब्रॉइड," आमचे मोठे डॉक्टर म्हणाले. म्हणजे गर्भाशयाला येणारी मांसाची गाठ. "उद्या सकाळी कापू. टेबल तयार ठेवा."

तीसच्या दशकातली गोष्ट. अलिबागच्या खाली, किनाऱ्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात मी नवीन लेडी डॉक्टर होते. हिरा कोळीवाड्यातली, मासळी सुकवणारी.

"सर, आधी आतून तपासू?"

"तपासा."

गर्भाशयाचं तोंड बोटाला लागलं, आताच मूल आल्यामुळे सैल. शेजारी आणखी एक तोंड होतं, बंद. मी पुन्हा तपासलं आणि मला हसूच फुटलं.

"सर, हिला दोन गर्भाशयं आहेत! ती गाठ नाही, दुसरं मूल असेल!"

मुलगी आईच्या पोटात अंगठ्याएवढीही नसते, तेव्हाच तिच्या पोटात दोन बारीक नळ्या तयार होतात, डावी आणि उजवी. पुढे त्यांची खालची टोकं एकमेकींना चिकटतात, मधला पडदा विरतो आणि एक गर्भाशय बनतं. क्वचित एखादीत चिकटायचंच राहून जातं.

"पुस्तकं फार वाचता तुम्ही," सर म्हणाले.

"सर, कापलं तर मूल हातचं जाईल. एकदा कान तरी लावा."

ते चिडूनच वाकले. लाकडी नळीचं एक टोक पोटावर, दुसरं कानाला. तेवढ्यात आतून अशी लाथ बसली, की नळी कानात रुतली आणि चष्मा खाली पडला. हिरासुद्धा खिदळली.

"टेबल आवरा," सर कान चोळत म्हणाले.

हिराची सासू दारातच होती. "डाक्टरीन बाय, दुसरं हाय, तर भायेर का येत न्हाय?"

"त्याची खोली वेगळी, दारही वेगळं. ते दार अजून उघडलं नाही."

"व्हय? एका सुनंत दोन बिऱ्हाडं!"

मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. असं बाळंतपण मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही हिराला घरी सोडलं नाही. त्यामुळे पहिल्या मुलाची पाचवी दवाखान्याच्या ओटीवरच मांडली. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, असं मानतात. बायकांनी पाट्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि आतून हिरा ओरडली, "आय, पुन्ना दुखतंय!"

सगळ्या बायका पूजा टाकून आत. सर एका पायात बूट घालून धावले. दिवेलागणीला मुलगी झाली, मुठीएवढ्या तोंडाची, पण दवाखाना डोक्यावर घेणारी. सर आणि मी वेड्यासारखे हसत सुटलो. तिच्या पोटातल्या नळ्या जुळल्यात की नाहीत, ते देव जाणे.

सासूबाई मात्र काळजीत पडल्या. "आता हिची येगळी पाचवी करू, का सटवाय आलीच हाय, तर दोगांचं लिवून जाईल?"

"बसवून ठेवा तिला," सर म्हणाले. "माझ्यासारखी ती घाई करायची नाही."

तेव्हापासून मी एक नियम पाळते. मूल रडलं तरी पोट नीट चाचपल्याशिवाय हात धुवायला जात नाही.