सदतिसावा खिळा

दाढीचा आरसा टांगायला एक खिळा हवा होता आणि ताईच्या फळीवर सदतीस होते. एवढ्यांतला एक गेला तर कुणाला कळतंय, असं म्हणून धाकट्याने पक्कड लावली. मग मधली जागा बोळक्यासारखी दिसायला लागली, तेव्हा शेजारचे चार खिळे उपटून, थोडे थोडे सरकवून त्याने पुन्हा ठोकले. फळीला काळं कापड होतं, त्यामुळे भोकंही दिसेनात. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्याने दाढी केली.

वय अठ्ठावन्न, तरी तो घरात धाकटाच. स्वतःच्या घराला रंग देणं चाललंय म्हणून पंधरा दिवसांसाठी थोरल्या बहिणीकडे आला होता. ज्या घरात राहील त्या घरात काहीतरी सुधारणा करायची त्याला खोड होती.

ताई एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. समोर भोकांची भिंत, हातात वायरी, कानात अख्ख्या शहराची भांडणं. तिथून तिने दोन गोष्टी घरी आणल्या. आकडा न चुकण्याची सवय, आणि समोरच्याचं बोलणं तीन मिनिटांत तोडण्याची. जावईसुद्धा तिच्यापुढे अडीच मिनिटांतच आटोपतं घेतो. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा तिने वायरीऐवजी दोरा धरला. दरवर्षी सुट्ट्या लागायच्या आत ती खिळ्या-दोऱ्याची मोठी चांदणी करायची आणि ती इमारतीच्या दारावर लागायची. फळीवर गोलात सदतीस खिळे. एकाला दोरा बांधायचा, पुढचे पंधरा मोजायचे, वळसा घालायचा. पुन्हा पंधरा, पुन्हा वळसा. सगळ्या खिळ्यांना शिवून दोरा निघाल्या जागी परत आला की चांदणी झाली.

यंदा इमारतीच्या सेक्रेटरींनी बाजारातून प्लॅस्टिकची चांदणी आणली. ती लुकलुकायची, रंग बदलायची आणि मध्येच कुणी चिमटा काढल्यासारखी कुंईं करायची.

"शनिवारी बारापर्यंत तुमची झाली तर तुमची लावू," ते ताईला म्हणाले. "नाहीतर ही आहेच. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा, वय झालं आता."

चांदणीचं एक वेळ ठीक होतं. वयाचं ताईच्या डोक्यात गेलं.

शनिवारी सकाळी नऊला ती दोरा घेऊन बसली. बारा खिळे झाले आणि दोरा फिरून पहिल्या खिळ्यावर हजर. फळीवर मोडक्या छत्रीच्या काड्या पसरल्यासारखं काहीतरी, आणि उरलेले चोवीस खिळे लग्नात जेवायला न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे उभे. ताईने चष्मा पुसला, दोरा सोडला आणि मोठ्याने मोजत पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बारावरच गाडी अडली.

"ताई, रात्री झोप झाली ना?" धाकट्याने चहाचा घोट घेत विचारलं.

"झाली."

"नाही, या वयात लक्ष जरा इकडेतिकडे होतं. भिजवलेले बदाम खात जा. आमचे हेडक्लार्क—"

"तू गप्प बस. माझा आकडा चुकतो."

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा धाकट्याने मनातल्या मनात खिळे मोजले. छत्तीस. सांगून टाकावं असं वाटलं, पण सांगायचं तर आरसा उतरवावा लागणार, आणि त्या जागी उजेड फार छान येत होता. म्हणून त्याने बदामांबरोबर अक्रोडही सुचवले.

चौथ्या खेपेला ताईने दोरा सोडलाच नाही. नुसती फळीकडे बघत बसली.

"एकतीस वर्षांत एक नंबर चुकीचा जोडला नाही मी," ती म्हणाली. "आता पंधरापर्यंत मोजता येत नाही. म्हणतात ते खरंच असेल."

आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. पण तिने रीळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि फोन उचलला.

"सेक्रेटरींना सांगते, ती लुकलुकणारीच लावा. पुढच्या वर्षीही तीच लावा."

आता मात्र अठ्ठावन्न वर्षांचं ते बाळ कप खाली ठेवून उठलं.

"ताई, फोन ठेव. तुझं काही चुकत नाहीये. एक खिळा मी काढलाय. आरशासाठी."

ताईने फोन ठेवला. एकेका खिळ्यावर बोट ठेवत सगळे मोजले. छत्तिसावर बोट थांबलं आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना धाकट्याला अगदी स्पष्ट दिसलं. घड्याळात अकरा वाजायला आले होते. तिने डब्याचं झाकण काढलं, रीळ बाहेर घेतलं आणि पक्कड हातात घेऊन उठली.

तिला राग आलेला नाही, हे पाहून धाकट्याला लगेच कंठ फुटला.

"पण खरं सांगू का ताई, सदतिसांतला एवढासा एक खिळा नसला, तर एवढं काय बिघडायला हवं?"

"आपण पाच भावंडं आहोत, तुला काढून बघू का?"