पारबताबाईच्या दाखल्यातला खनक

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी, हसायचं ते मागून हसा.

मी तेव्हा तुमसरच्या पलीकडल्या गोरेगावच्या शाळेत मास्तर होतो, मुंबईच्या नव्हे. स्वराज्य नवं, नोकरी नवी, आणि संस्कृतचं खूळ मात्र लहानपणापासूनचं. शब्द दिसला की त्याचा धातू शोधल्याशिवाय मला घास गोड लागत नसे.

एक दिवस पारबताबाई आली. नवरा वारलेला, ती तुमसरकडे मँगनीजच्या खदानीत कामाला. लेक सुमन इथे मामाकडे राहून माझ्याच वर्गात शिकायची.

"गुरुजी, पोरीचा दाखला द्या जी. खदानीवर शाळा निघाली. खदानीतल्या माणसाच्याच पोरायले घेतेत. आता माझी पोरगी माझ्यापाशी राहीन."

दाखल्यात 'पालकाचा धंदा' असा रकाना होता. मी ऐटीत 'खनक' लिहायला घेतलं आणि थांबलो. का थांबलो, देव जाणे!

"बाई, खन् म्हणजे खोदणे. त्यावरून खाण, त्यावरूनच खनक. तुम्ही खोदता का?"

"नाही जी. खोदतेत गडी. आमी बाया गोटे फोडतो, माल निवडतो."

"मग तुम्ही खनक कशा?"

"काऊन जी? खदानीतच तं मरून रायलो आमी!"

पण ऐकेल तो मास्तर कसला? 'दगड निवडणे' असं वळणदार अक्षरात लिहिलं, वर स्वतःवर खूशही झालो.

आठ दिवसांनी मायलेकी परत दारात! दगड निवडणारी खदानीतली कशी, म्हणून तिथल्या हेडमास्तरांनी पोरीला परत पाठवलेलं. सुमनचे डोळे रडून सुजलेले. पारबताबाईनं दाखला तेवढा माझ्यापुढे ठेवला, आणि तेच मला फार लागलं. माझ्या एका धातूपायी पोरगी आईला मुकत होती हो!

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी त्यांच्याबरोबर खदानीवर गेलो. हेडमास्तरांपुढे चूक कबूल केली, नव्या दाखल्यावर 'खनक' लिहिलं आणि सुमनचं नाव पटावर चढलं. तिथून निघालो असतो तर अब्रू वाचली असती.

पण बाया उन्हात बसून काळे गोटे निवडत होत्या. मी म्हटलं, "आणा इकडे, मीही निवडून बघतो!" तासभर घाम गाळून टोपली भरली. पारबताबाईनं एकेक गोटा तळहातावर तोलला आणि बाजूला फेकला. खरा माल कुठला ते वजनावरून तिला कळत होतं, मला चकाकीवरूनही कळलं नाही. मनात आलं, गडी खोदतात तो नुसता डोंगर; त्यातून मँगनीज काढतात ते हे हात. शब्द कुठून आला ते मला ठाऊक होतं, तो कोणाच्या जिवावर चालतो ते नव्हतं.

तेवढ्यात मुकादम आला. रिकामी टोपली पाहिली, फेकलेला ढीग पाहिला.

"हे कोण वो, बाई?"

"सुमनचे गावचे गुरुजी व्हय."

मुकादमानं मला खालून वर न्याहाळलं.

"असं होय! तरीच म्हटलं, ही बाई पोरीची शाळा बदलाले एवढी काऊन धावून रायली!"