नेमणूक पत्रावरची तारीख

दुपारपासून स्वतःवरच चिडलेली आहे, म्हणून इथे लिहितेय.

मी खेडला कामगारांच्या केसेस चालवते. नव्या कामगार कायद्याने प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यावंच लागतं. काजू कारखान्यातल्या बायकांना गेल्या महिन्यात मीच सांगून आले, "घाबरू नका, हक्काने मागा."

आज तिथल्या सुवर्णाताईंचा फोन आला. "मॅडम, पत्रं आली! सहीसाठी रांग लागलीय." आवाजात नुसता आनंद. मी सहज म्हटलं, फोटो पाठवा.

फोटो मोठा करून बघितला. कामावर रुजू झाल्याची तारीख आजची! सुवर्णाताई तिथे चौदा वर्षं काजू फोडतायत. उद्या ग्रॅच्युइटी मागितली की मालक हेच पत्र दाखवून म्हणणार, या तर परवा लागल्या.

फोन लावला, उचलेनात. स्कूटर काढली आणि सुटले. गेटवरूनच ओरडले, "कोणी सही करू नका!"

सुपरवायझर हसला. "वकीलबाई, पत्रं मागायला तुम्हीच लावलंत ना?"

रांग जागच्या जागी थांबली. सातजणी वाचल्या. सुवर्णाताई मात्र पत्र छातीशी धरून बाजूला उभ्या होत्या.

"माझी सही झाली वो मॅडम. बाकीच्या घाबरत होत्या, म्हणून मीच पहिली गेले."

जुनी हजेरी, कारखान्यातल्या पूजेचे जुने फोटो, सगळं गोळा करून मी लढेनच. पण 'आधी तारीख वाचा' एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं.

तुमच्या घरात कोणाला असं पत्र मिळालंय? त्यावर तारीख कुठली आहे?