वारा आली

अदृश्य राहून सर्वांचा श्वास चालवणाऱ्या वायुदेवतेला वंदन करून, ब्रिस्टलमधल्या आमच्या सामायिक वसाहतीच्या वास्तुशांतीनिमित्त, ही वसाहत रचणाऱ्या वास्तुरचनाकार मुलीविषयी चार शब्द लिहितो.

इथेच जन्मलेली ही मुलगी बोलताना हातांनी हवेत भिंती रचते आणि मराठीतली लिंगे निःशंकपणे चुकते. "काका, वारा आली की सगळा कोर्टयार्ड कूल होते," असे ती म्हणे. "वारा आला," असे मी दर वेळी सुधारत असे.

अमिरातीतील जुन्या घरांप्रमाणे तिने सावलीच्या अरुंद गल्ल्या, मधोमध अंगण आणि त्यावर हवा खेळवणारा मनोरा योजला होता. उन्हाळ्यात तापणाऱ्या फ्लॅटमध्ये घेरी येणारे आम्ही वृद्ध त्या मनोऱ्याच्या आशेवर होतो. पण सभासदांच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "इथल्या पावसात वाळवंटातला मनोरा कशाला? आता उंटही आणणार का?" सारे हसले, आणि मनोरा वगळण्याचेच ठरू लागले.

ती रागावली नाही. "काका, तुमच्या बॅगमधली पूजेची उदबत्ती द्या ना," एवढेच म्हणाली. खिडकी उघडून तिने ती उदबत्ती पेटवली आणि टेबलावरच्या वसाहतीच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीतील अंगणात ठेवली. धूर क्षणभर घुटमळला, मग स्वप्नात चालावे तसा वळत वळत मनोऱ्यातून वर निघाला. ते गृहस्थ खुर्ची सोडून जवळ येऊन वाकले.

"बघा," ती हळूच म्हणाली, "वारा आली."

या वेळी मी तिला सुधारले नाही. आज त्याच मनोऱ्याखाली बसून हे लिहीत आहे.

वाचकहो, तुमच्याही घरी वारा अशीच लेकीच्या पावलांनी येवो, आणि घरातील प्रत्येकाचा श्वास शीतल राहो.