दादाचा बिननावाचा आलेख

हिंगणघाटहून दादाच्या गोळ्या घेऊन मी मोटारीतून वडनेरला उतरले, तर रस्त्यावर शेजारचे किसनमामा उभे. एरवी ते मला न्यायला कशाला येतील? त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "घरी चाल, शेवंता." मी विचारलं, "दादाले मिरगी आली काय?" त्यांनी मान हलवली… होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. सकाळी नाल्यावर आंघोळीला गेलेला माझा थोरला भाऊ, गावचा नामदेव मास्तर, गुडघाभर पाण्यात पालथा सापडला होता. नेहमीची दीड मिनिटाची मिरगी आणि गुडघाभर पाणी. आज सहा आठवडे झाले.

दादाला हा मिरगीचा, फेफऱ्याचा आजार लहानपणापासूनचा. तेव्हा वस्तीतले लोक म्हणत, पोराच्या अंगात देवी येते. तो मातीत तडफडत असायचा आणि बाया त्याच्या कपाळाला कुंकू लावायच्या. पुढं आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव त्याच नाल्यात सोडले, आणि नेमकी त्या हिवाळ्यात दादाला एका महिन्यात तीनदा मिरगी आली. कालची कुंकू लावणारी माणसं आता म्हणू लागली, देव सोडले ना, देवी कोपली. दादा हसायचा. "पयले देवी अंगात येत होती, आता कोपून राह्यली. मी तोच, मिरगीबी तीच!" पण माय हसत नसे. ती चोरून मरीमायच्या दगडाला तेल घालून यायची. तिच्या बोटांचं तेल दादाला दिसायचं.

त्याला खरी भीती नोकरीची होती. प्राथमिक शाळेतला मास्तर मिरगीवाला आहे हे वर कळलं तर पोरं त्याच्या हाती कोण देईल? दोनदा त्याला वर्गात झटका आला. पोरांनी घरी सांगितलं, मास्तर चक्कर येऊन पडले. तिसऱ्यांदा काय होईल, या धास्तीनं तो जेवताना मधेच थांबायचा. शेवटी सुट्टीत आम्ही दोघं मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं त्याच्या डोक्याला जागोजागी चिकट मलम लावून तारा जोडल्या. मी दारात उभी होते. यंत्रातल्या लेखण्या कागदावर थरथरत रेघा ओढू लागल्या, कागद पुढं सरकत राहिला, आणि दादा डोळे मिटून मोठमोठे श्वास घेत होता. बाहेर आल्यावर त्यानं आधी डॉक्टरांना विचारलं, "याच्यात माह्या मनातलं दिसते का जी?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो. मेंदूत वीज कुठं उसळते, तेवढंच दिसतं."

मग त्यांनी विचारलं, हा आलेख आम्ही ठेवून घेऊ का? दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांनाही पाठवायचा आहे. मी दादाची बाही ओढली. त्या कागदाबरोबर त्याची नोकरी जाताना मला दिसत होती… कोणीतरी वर्ध्याचा माणूस तो पाहील, ओळखेल. दादानं विचारलं, "एका कागदानं नाई समजत?" डॉक्टर म्हणाले, "एकानं नाही. पुष्कळ एकत्र ठेवले तरच काही समजेल." दादानं माझ्या हातातून बाही सोडवली. मग म्हणाला, "घ्या. पन नाव नको." त्यांनी आमच्यासमोर नावाची पट्टी कापली आणि तिच्या जागी नुसता आकडा घातला. तरी परतीच्या वाटेत वर्ध्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

डॉक्टरांना आणखी एक हवं होतं. झटका कसा सुरू होतो, किती वेळ चालतो, ते पाहून लिहून कळवायचं. पहिल्या वेळी मी किसनमामांना हाक मारायला पळाले. शुद्धीवर आल्यावर दादा चिडला. "काऊन पयाली? मले तं काई दिसत नाई. तूच माहे डोये!" त्यानंतर मी पळाले नाही. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली लुगडं सारायचं आणि घड्याळ धरून बसायचं. त्याचा निळा पडणारा चेहरा पाहत लिहायचं, डाव्या हाताची बोटं आधी, मग मान, मग सगळं अंग… अक्षर असं वाकडंतिकडं यायचं की पुन्हा उतरवून काढावं लागे. अजूनही घरात भांडं पडलं की माझी नजर आधी घड्याळाकडं जाते.

एकदा डॉक्टरांचं पत्र आलं, की बोटांविषयीचं टिपण आलेखाशी जुळतं, म्हणून गोळ्या बदलून पाहू. दादानं ते मायला वाचून दाखवलं. "माय, देवी काय बोटापासून येते?" त्या महिन्यात मायच्या बोटांना तेल दिसलं नाही. नव्या गोळ्यांनी झटके कमी झाले. म्हणूनच तर तो नाल्यावर एकटा जाऊ लागला होता.

तो गेल्यावर गाव पुन्हा बोललं. देव जिथं सोडले तिथंच… मायनं ते ऐकलं. दादा गेल्याचं मी डॉक्टरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं. आलेख परत हवा असेल तर पाठवू, नाहीतर पुढच्या अभ्यासासाठी ठेवू. मला तो परत हवा होता. नाचणगावच्या एका घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत. मिरगी रक्तात असते असं लोक मानतात. मी मायला पत्र वाचून दाखवलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "राहू दे तिथंच. पन त्याईले लिहून देजो, नाव घाला म्हना."

"माय, नाव नको म्हनत होता तो."

"नोकरीले भेत होता माहा लेक. आता कोनाले भ्यायचं हाय त्याले?"

मला भ्यायचं होतं. पण ते मी तिला सांगितलं नाही. पत्रात त्याचं नाव लिहिलं, आणि इथं, या लेखातही लिहिलं आहे. नाचणगावच्या त्या घरी हे वर्तमानपत्र येतं.