‘गच्छामि’ला ओढायचं

दोरमामांनी चाळीस वर्षं ओझी चढवली. बॉयलर, लोखंडी तुळया, एकदा तर बँकेची तिजोरी. एकही खाली पडलं नाही. निवृत्त झाल्यावर दोर माळ्यावर गेला होता. विहाराच्या घंटेसाठी तो त्यांनी उतरवला, तेव्हा बायको म्हणाली, "आधी स्वतःची हाडं सांभाळा."

घंटा नऊशे किलोची. एका देशानं ओतून पाठवली, दुसऱ्यानं ती टांगायच्या चौकटीचं लाकूड दिलं. चार देशांचे भिक्खू, चार परंपरा, पण विहार एकच, हे तीन वर्षं भांडून ठरलेलं. उद्या उद्घाटन. बोळ अरुंद, क्रेन आत येईना. ओझं उचलायच्या साखळीचा, चेनब्लॉकचा, दात सकाळीच तुटला. उरला मामांचा दोर, दोन कप्प्या आणि सोळा भिक्खू.

मामांनी दोराचं टोक खांबाला वेढून हातात धरलं. "तीनला ओढा."

प्रत्येकानं आपापल्या भाषेत मोजलं. कुणी तीनला ओढलं, कुणी तीन म्हणून झाल्यावर. घंटा बोटभर उचलली, डुलली आणि परत फळ्यांवर बसली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

विहाराचे एक विश्वस्त घाम पुसत म्हणाले, "यांना मिळून एक घंटा उचलता येईना, विहार काय चालवणार? सोडा, मामा. ज्याची त्यानं वेगळी टांगावी."

मामांना ते झोंबलं. जोर कमी नव्हता, विखुरला होता. अशा वेळी गड्यांना आरोळी लागते, सगळ्यांची तोंडपाठ.

"भंते," ते थोरल्या भिक्खूंना म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना येतं असं काय आहे?"

"त्रिसरण."

"मग 'गच्छामि'ला ओढायचं. आधी नाही, नंतर नाही. चालेल ना?"

थोरले हसले. "इतकं लक्ष देऊन आम्ही ते कधी म्हटलं नसेल."

"बुद्धं सरणं..." उच्चार चार तऱ्हांचे, झटका मात्र एक. हातभर दोर आला. मामांनी लगेच वेढा आवळला; आलेला दोर परत द्यायचा नाही. मग धम्मं, मग संघं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या 'गच्छामि'ला घंटेची कडी चौकटीच्या आकड्याच्या वर गेली. मामांनी दोर बांधला, कडी आकड्यात बसवून खीळ ठोकली, गाठ दोनदा तपासली.

"आता सोडा."

सोळाही जणांनी एकदम सोडला. कुणी मोजलं नव्हतं.

पहिला टोला बोळ ओलांडून मामांच्या घरापर्यंत गेला. ते परतले तेव्हा बायको दारातच होती. "पडलं नाही ना काही?"

"विश्वस्तांचा चेहरा पडला," मामा म्हणाले. "तेवढंच."